‘याला काही कळत नाही, आपण बोलू’: मुलांची तपासणी करणाऱ्यांना एका आईचं खुलं पत्र

लहान मुलांच्या विकासाची तपासणी करणारे डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि स्पीच थेरपिस्ट यांना,

सप्रेम नमस्कार.

वरचं वाक्य माझं नाही, तुमच्यापैकी एकाचं आहे. आठ वर्षांपूर्वी ते माझ्या देखत उच्चारलं गेलं. नाव सांगणार नाही. त्यानंतर जवळपास तेच वाक्य मी इतक्या खोल्यांमध्ये ऐकलं आहे, की ते एकाच माणसाच्या गळ्यात बांधणं अन्यायाचं होईल.

माझ्या मुलाला ऑटिझम आहे. तेव्हा तो तीन वर्षं दोन महिन्यांचा होता. तपासणीच्या खोलीत तो जमिनीवर बसला होता. एक खेळण्यातली गाडी उलटी करून, तिचं चाक डोळ्यांजवळ नेऊन तो ते फिरवत होता. टेबलाच्या अलीकडे मी आणि त्याचा बाबा, पलीकडे डॉक्टर. त्यांनी फाईल उघडली आणि मी पोराकडे बघून घुटमळले. ते त्यांच्या लक्षात आलं. एकदा खाकरून, पेनचं बटण दोनदा टकटक दाबून ते म्हणाले, “याला काही कळत नाही, आपण बोलू.” आवाजात खरी माया होती. मला धीर द्यायलाच ते म्हणाले होते.

मग आम्ही बोललो, चांगला पाऊण तास. हा कधी बोलेल का? शाळेत जाईल का? आम्ही गेल्यावर याचं कोण बघणार? दुसरं मूल होऊ द्यावं का, आणि तेही असंच निघालं तर? मी रडले, त्याचा बाबा उठून खिडकीशी गेला, डॉक्टरांनी रुमालांचा डबा पुढे सरकवला. गाडीचं चाक त्या सगळ्या वेळात फिरत होतं.

साडेसात वर्षांचा होईपर्यंत त्याने हे वाक्य तोंडातून काढलं नाही. मग एका दुपारी माझी मावसबहीण खूप दिवसांनी घरी आली. हातातली पिशवी खाली ठेवता ठेवता, त्याच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत तिने विचारलं, “काय गं, बोलतो का आता काही?” मी उत्तर देणार तेवढ्यात खालून खाकरण्याचा आवाज आला. मग जीभ टाळूला लावून दोनदा टक्, टक्. मग एका पोक्त पुरुषाच्या, किंचित नाकातल्या स्वरात, ‘आपण’वर तोच हेल देऊन: “याला काही कळत नाही, आपण बोलू.”

बहिणीला हसू आलं. तिला वाटलं, पोराने कुठल्या तरी मालिकेतलं उचललं. मी नळ सोडून सिंकपाशी उभी राहिले, बराच वेळ.

त्याच्या स्मरणशक्तीचं कौतुक करायला मी हे सांगत नाहीये. ऑटिझम असलेल्या मुलांची पाठांतराची ताकद तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मला तुमचं लक्ष वेधायचं आहे ते वेळेकडे. ते वाक्य त्याने रस्त्यात म्हटलं नाही, अंघोळ करताना म्हटलं नाही. दोन मोठी माणसं त्याच्या समोर, त्याला वगळून, त्याच्याविषयी बोलू लागणार, त्याच क्षणी म्हटलं. आजही तो तसंच करतो. नवीन थेरपिस्ट माझ्याकडे वळून “याचा आहार कसा आहे?” म्हणाली, की खाकरणं येतंच. ज्या वाक्यात त्याला काही कळत नसल्याचं म्हटलं आहे, ते वाक्य तो इतक्या अचूक जागी वापरतो. याला मी काय म्हणू ते मला सुचत नाही. तुमच्या कागदांवर मात्र त्याला नाव आहे. माझ्याकडच्या चारपैकी तीन अहवालांत ‘निरर्थक पुनरुक्ती’ असा शेरा आहे, चौथ्यात नुसतं ‘इकोलालिया, भरपूर’, म्हणजे ऐकलेलं तसंच परत म्हणणं.

आता वहीबद्दल सांगते. पाच वर्षांचा असताना तो अचानक अशी आख्खी वाक्यं बोलू लागला, तेव्हापासून मी ती वही ठेवली आहे. पानावर तीन रकाने: काय म्हणाला, ते कुठून आलं, ते कधी म्हणतो. सध्या सहावी वही चालू आहे. मधला रकाना भरायला कधी कधी वर्ष जातं.

एक सोपं उदाहरण. “दरवाजे बंद होत आहेत.” हा लिफ्टमधल्या बाईचा आवाज. पहिले काही महिने आम्हाला वाटलं, त्याला लिफ्ट आवडते म्हणून घोकतो. मग ध्यानात आलं की पुस्तक मिटलं की तो हे म्हणतो, टीव्ही बंद केला की म्हणतो, आजोबा निघाले की म्हणतो. ‘संपलं’ हा शब्द त्याला शिकवायला चित्रांची कार्डं घेऊन आठ महिने खटपट झाली होती. ती चालू असताना, त्याच खोलीत, तो ‘संपलं’ म्हणतच होता. फक्त त्याचा शब्द चार सेकंदांचा होता आणि त्यात एक घंटी होती.

आणखी एक, जरा महागात पडलेलं. “पडला ना? लागलं?” हे त्याच्या बाबाचं. सायकलवरून पहिल्यांदा आपटला, तेव्हाचं. त्यानंतर कुठेही दुखलं तरी हेच: पोट, दात, काहीही. एका रात्री ताप चढला आणि तो कानावर हात दाबून सारखा “पडला ना? लागलं?” म्हणत राहिला. आम्ही त्याला घेऊन गेलो. रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, कधी पडला, उलटी झाली का, आणि डोक्याला मार लागला असेल म्हणून त्याच दिशेने तपासत गेले. मी दोनदा म्हटलं, कान बघा. मग म्हटलं, तो ‘पडलो’ म्हणत नाहीये, ‘दुखतंय’ म्हणतोय. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती तुम्ही सगळे ओळखत असाल. मुलाची अवस्था मान्य न करणाऱ्या आईकडे पाहायची एक नजर असते, तीच. कान शेवटी पाहिला. आत पू झाला होता.

या बाबतीत मी काही नवीन शोध लावलेला नाही, आणि याचंच मला जास्त वाईट वाटतं. तुमच्या शास्त्राच्या पहिल्या पानांवर हे लिहिलेलं आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर, ज्यांनी १९४३ मध्ये ११ मुलांची हकिगत लिहून या अवस्थेला वेगळी ओळख दिली, त्यांनीच १९४६ मध्ये या मुलांच्या ‘असंबद्ध’ बोलण्यावर एक लेख लिहिला. त्यात पॉल नावाचा पाच वर्षांचा मुलगा आहे. तो दवाखान्यात अचानक म्हणायचा, “कुत्र्याला गॅलरीतून टाकू नकोस.” तिथे कुत्रा नव्हता, गॅलरी नव्हती. खुलासा असा झाला, की तीन वर्षांपूर्वी लंडनच्या एका हॉटेलात तो खेळण्यातला कुत्रा सारखा गॅलरीतून खाली टाकत होता आणि आणून आणून कावलेल्या आईने त्याला हे वाक्य सुनावलं होतं. तेव्हापासून काहीही फेकावंसं वाटलं की तो या शब्दांनी स्वतःला आवरायचा. त्याच मुलाला सॉसपॅनसारखं भांडं दिसलं की तो एका बडबडगीतातले दोन शब्द म्हणायचा, कारण ते गाणं म्हणत असताना एकदा आईच्या हातातून सॉसपॅन पडलं होतं.

हा लेख मी पहिल्यांदा समजून घेतला तेव्हा मला त्या बाईला भेटावंसं वाटलं. ती नसती, तर पॉलच्या फाईलमध्ये काय लिहिलं गेलं असतं? निरर्थक पुनरुक्ती. हॉटेलची ती गॅलरी घरच्यांखेरीज कोणाला ठाऊक असणार? कॅनर कितीही थोर असले तरी ते लंडनमध्ये नव्हते.

त्याहून जुनी गोष्ट डोनाल्डची, त्या ११ मुलांतल्या पहिल्या मुलाची. तो १९३८ मध्ये कॅनरकडे आला त्याआधी त्याच्या वडिलांचं टंकलिखित पत्र आलं होतं, ३३ पानांचं. पाच वर्षांचं पोर काय करतं, काय म्हणतं, कशाला घाबरतं, सगळं त्यात होतं. कॅनरनी आपल्या लेखात त्या पत्राचा भरपूर आधार घेतला, आणि एवढे बारकावे टिपणं हे पालकांच्याच मनातल्या कसल्या तरी झपाटलेपणाचं लक्षण असल्याचंही सुचवून ठेवलं. ऑटिझमचं निदान असं सुरू झालं: पालकांच्या टिपणांवर उभं राहून, पालकांकडे तिरप्या नजरेने बघत. माझ्या वहीकडे पाहून एका मॅडमनी मला “तुम्ही स्वतःसाठी कोणाशी बोलता का?” असं विचारलं होतं. काळजीनेच विचारलं असणार. तरी मला ती ३३ पानं आठवली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, थोडक्यात आटोपते. १९४९ मध्ये कॅनरनी लिहिलं की ही मुलं जणू न वितळणाऱ्या फ्रीजमध्ये ठेवल्यासारखी वाढली. पुढे शिकागोत अशा मुलांची शाळा चालवणाऱ्या ब्रुनो बेटलहाइम यांनी आईच्या थंडपणाचा सिद्धान्त गावभर नेला, आणि कित्येक आयांना ‘तुमच्यामुळे झालं’ असं तोंडावर ऐकावं लागलं. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड यांनी त्याविरुद्ध जैविक कारणांची बाजू मांडली. ते मानसशास्त्रज्ञ होते, आणि अशाच एका मुलाचे बापही. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टाइन आणि मायकल रटर यांनी २१ जुळ्यांच्या जोड्या अभ्यासून आनुवंशिकतेचा भाग दाखवला. मधल्या काळात, १९६९ मध्ये, पालकांच्या एका सभेत कॅनर म्हणाले की मी तुम्हाला दोषमुक्त करतो. आरोपपत्र कोणी ठेवलं होतं, हे त्या सभेत कोणी विचारलं की नाही, कोण जाणे.

आज मला कोणी थंड आई म्हणत नाही. आता मी ‘भावनिकदृष्ट्या गुंतलेली’ असते. निष्कर्ष फिरून तोच निघतो: आई सांगते ते जरा बाजूला ठेवा.

इथे एक आडवाट घेते. आपल्या भाषेतला ‘स्वमग्न’ हा शब्द मला पटत नाही. ‘ऑटिझम’मध्येही ‘स्व’ अर्थाचा ग्रीक शब्द आहेच, स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी १९११ मध्ये तो स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात वापरला होता, आणि तिथून तो इकडे आला. म्हणजे दोष मराठीचा नाही, अनुवाद चोख आहे. पण हा शब्द ऐकला की समाधी लावून बसलेलं मूल डोळ्यांसमोर येतं, ज्याच्यापर्यंत बाहेरचं काही पोहोचत नाही. माझ्या पोराचं नेमकं उलट आहे. त्याच्यापर्यंत फार पोहोचतं. ट्यूबलाइटची गुणगुण पोहोचते, शर्टाच्या आतलं लेबल पोहोचतं, शेजारच्या खोलीत तुम्ही हळू आवाजात घेतलेला फोनसुद्धा पोहोचतो. प्रकाश, आवाज, स्पर्श यांचं हे कमी-जास्त जाणवणं निदानाच्या अमेरिकन नियमावलीत २०१३ मध्ये अधिकृतपणे आलं. त्याआधी कानांवर हात दाबलेलं मूल काय सांगत होतं, ते त्याच्या घरच्यांना विचारायचं होतं. ‘तो आपल्याच जगात असतो’ असं लोक मला समजावून सांगतात. तो आमच्याच जगात असतो. त्याला आमच्या जगातून उठून जाता येत नाही, एवढीच अडचण आहे.

उत्तर देत नाही, म्हणून ऐकत नाही. डोळे दुसरीकडे आहेत, म्हणून लक्ष दुसरीकडे आहे. बोलत नाही, म्हणून समजत नाही. या तीन उड्या तुमच्यासारखी शिकलेली माणसं इतक्या सहज मारतात, की मला वाटतं तुम्हाला त्या उड्या आहेत हेच जाणवत नसावं. फोनवर बोलताना तुम्ही कुठे बघता? मी तर कोपऱ्यातलं जळमट बघते, आणि शब्द न् शब्द ऐकते.

तुमच्यातल्याच काहींनी हे कधीच ओळखलं आहे. बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डुकान यांनी १९८१ मध्ये मुलांच्या तत्काळ पुनरुक्तीचे सात वेगवेगळे उपयोग दाखवले: आपली पाळी घेणं, होकार देणं, मागणं, स्वतःला सांभाळणं, वगैरे. उशिरा उमटणाऱ्या पुनरुक्तीचे चौदा उपयोग पुढे १९८४ मध्ये प्रिझंट आणि पॅट्रिक रायडेल यांनी दाखवले. म्हणजे माझा मुलगा जन्मायच्या कितीतरी आधी हे छापून झालं होतं. तरी त्याच्या थेरपी केंद्रातल्या पहिल्या वर्षीच्या कार्यक्रमात एक उद्दिष्ट होतं, ‘पुनरुक्ती कमी करणे’. दर बुधवारी आलेख निघायचा. आलेख खाली गेला की शाबासकी मिळायची, मलाही. घरी तो गप्प होत चालला होता. त्या आलेखाचा अर्थ लावायला मला चार महिने लागले. मग मी तिथे जाणं थांबवलं.

आता माझा गुन्हा सांगते, नाहीतर हे पत्र खोटं ठरेल.

मराठीत बोलणाऱ्याचं लिंग क्रियापदाला चिकटतं. त्यामुळे माझ्या मुलाचं वाक्य कोणाकडून आलं, ते बऱ्याचदा व्याकरणच सांगून टाकतं. कॅनरनीही नोंदवलं होतं की ही मुलं सर्वनामं जशी ऐकली तशीच परत देतात, स्वतःला ‘तू’ म्हणतात. आमच्याकडे ‘तुला पाणी हवंय?’ म्हणजे मला पाणी हवंय. आणि तो ‘मी आलो’ म्हणत नाही, ‘मी आले’ म्हणतो, ‘थांब, मी बघते’ म्हणतो. शाळेतल्या बाई दुरुस्त करतात: मुलगा आहेस ना, ‘आलो’ म्हण. एका अहवालात ‘लिंगभेदाची जाण नाही’ असंही आलं आहे. लिंगभेदाची जाण त्याला उत्तम आहे. आजोबा आले की त्यांच्यासारखं ‘आलो रे बाबा’ म्हणतो. ‘आले’ ही माझी छाप आहे, ओल्या सिमेंटवर उमटलेल्या बोटांसारखी.

तर त्याचं एक वाक्य असं आहे: “मी थकले, नाही होत माझ्याच्यानं.” त्यानंतर एक मोठा श्वास, तोही माझाच. हे कुठून आलं ते शोधायला मला वही लागली नाही. तो चार-साडेचार वर्षांचा होता. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोपायचा नाही, अंथरुणावर गोल गोल फिरायचा. त्याच्या उशाशी बसून मी माझ्या आईला फोनवर हे म्हटलं होतं. एकदा नाही, बऱ्याच रात्री. त्याला काही कळत नाही असं मी तेव्हा कधी म्हटलं नाही, पण मी धरून चालले होते तेच.

आता तो अकरा वर्षांचा आहे. गणित अडलं, बुटाची नाडी जमली नाही, वर्गात आवाज सहन होईना, की तो हे म्हणतो. लोकांना वाटतं किती समजूतदारपणे सांगतोय, थकला म्हणून. सांगतोही. त्याला शब्द हवे होते आणि हे जवळ पडलेले होते, ते त्याने उचलले. पण दर वेळी मला माझा सहा-सात वर्षांपूर्वीचा आवाज ऐकावा लागतो, तो कोणाविषयी बोलत होता ते ठाऊक असताना. त्यालाही ते ठाऊक आहे का? हा प्रश्न मी वहीत लिहिलेला नाही.

म्हणून मी तुमच्यावर वरून बोलत नाहीये. आपण दोघांनीही एकच चूक केली, मी जास्त वेळा केली. फरक इतकाच की मला तिचे पडसाद रोज ऐकू येतात आणि तुम्हाला येत नाहीत. तुमच्याकडून आम्ही बाहेर पडतो, पुढचं मूल आत येतं. तुमचं वाक्य आमच्या घरी राहायला येतं. ते तुम्हाला कळवावं, एवढ्यासाठी हे पत्र.

कोणाचा गैरसमज नको म्हणून हेही सांगते. प्रत्येक न बोलणाऱ्या मुलाच्या आत एक विद्वान दडून बसला आहे, असं मी म्हणत नाही. हात धरून टाइप करवून घेण्याच्या पद्धतीची १९९० च्या दशकात नीट तपासणी झाली. त्यात निघालेले शब्द मुलाचे नसून हात धरणाऱ्याचे होते, असं वारंवार दिसलं. त्या आया-बापांचं काय झालं असेल, या विचाराने माझ्या पोटात गोळा येतो, कारण तो मोह मला समजतो. माझ्या मुलाला खूप गोष्टी कळत नाहीत. ‘उद्या’ कळत नाही. थट्टा कळत नाही. लांबलचक सूचना दिली तर त्यातला शेवटचा तुकडाच हाती लागतो. त्या दिवशी तीन वर्षांच्या त्याला आपल्या बोलण्यातलं किती कळलं होतं? बहुधा फार थोडं. स्वर कळला असेल, आई रडली हे कळलं असेल, आपल्या नावाभोवती काहीतरी जड चाललंय एवढं कळलं असेल. पण शब्द त्याने ठेवून घेतले, आणि अर्थ नंतर आला. ठेवीसारखा. हे तुम्ही कोणत्या चाचणीने मोजाल? त्या दुपारी ते मोजता येण्यासारखं नव्हतंच, आणि म्हणूनच ‘काही कळत नाही’ म्हणायचा अधिकार तुम्हाला नव्हता, मलाही नव्हता.

त्या पाऊण तासातलं दुसरं वाक्य होतं, “हा बोलेल अशी आशा ठेवू नका.” खोटी आशा दाखवू नये हे तुमचं तत्त्व मला मान्य आहे. पण आकडे पाहा. २०१३ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. चौथ्या वर्षापर्यंत शब्द जोडून बोलू न लागलेली, ऑटिझम असलेली ५३५ मुलं त्यात होती, सगळी तेव्हा आठ किंवा त्याहून मोठी. त्यातली ७० टक्के पुढे छोटी वाक्यं बोलू लागली होती, ४७ टक्के सफाईने बोलत होती. उरलेली ३० टक्केही मला दिसतात, त्यांच्या आया मला प्रतीक्षाकक्षात भेटतात. तीन वर्षांच्या मुलाकडे बघून तो यातल्या कुठल्या गटात जाणार, हे तुम्हाला सांगता येत नाही. मग सांगू नका. ‘आज सांगता येत नाही’ हे वाक्य ऐकायला आम्ही तयार असतो, तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त. आणि तो कधीच बोलला नाही तरी चित्रं, खुणा, टॅब्लेट आहेत. ‘टॅब्लेट दिला तर बोलायचा आळस करेल’ हे मला निदान पाच जणांनी ऐकवलं. २००६ मधला एक आढावा आहे, अशा साधनांचा बोलण्यावर काय परिणाम होतो त्याचा. त्यातल्या खात्रीशीर पुराव्याच्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं. बहुतेकांचं वाढलं होतं.

मला काय हवंय ते फार मोठं नाही. मूल खोलीत आलं की आधी त्याच्याशी बोला. त्याच्या नावाने, त्याच्या उंचीला येऊन, उत्तराची वाट न बघता. “मी आता तुझ्या आईशी तुझ्याबद्दल बोलणार आहे, तुला काय काय आवडतं ते विचारणार आहे.” याला दहा सेकंद लागतात, मी घड्याळ लावून पाहिलं आहे. जे त्याच्यासमोर बोलता येण्यासारखं नाही ते त्याच्यासमोर बोलू नका. दुसऱ्या दिवशी फोन करा, बाहेर कोणाला तरी त्याच्याजवळ बसवा, नाहीतर आईला कागदावर लिहायला द्या. तुमच्याकडे वेळ नसतो, बाहेर रांग असते, हे मी आठ वर्षं रांगेत बसूनच शिकले आहे. तरी त्याच्या भविष्याचा निकाल त्याच्या डोक्यावरून वाचून दाखवायला जितका वेळ लागतो, तितकाच फोनवर लागेल.

आणि अहवालात एक चौकट वाढवा. ‘पुनरुक्ती: आहे/नाही’च्या खाली, ‘कोणती वाक्यं? घरच्यांच्या मते अर्थ?’ चार ओळींची जागा पुरे. आम्हाला कोणी विचारत नाही, म्हणून आम्ही वह्या भरत बसतो. त्या वह्या तुमच्या कपाटात असत्या, तर त्या रात्रपाळीच्या डॉक्टरांनी कान आधी पाहिला असता.

पुढच्या महिन्यात आमची तपासणी आहे, नव्या ठिकाणी. तो हेडफोन लावून येईल. आत आल्यावर बहुतेक खाकरेल. टक् टक् होईल आणि वाक्य येईल. दचकू नका, रागावू नका, ते तुमच्यासाठी नाही. मी त्या वेळी त्याला “नाही, आज तुझ्याशीच बोलणार आहेत” असं म्हणते. तुम्ही म्हटलंत तर जास्त बरं, कारण मग ते तुमच्या आवाजात त्याच्याकडे राहील.

जाता जाता एक मदत हवी आहे. वहीतल्या एका वाक्याचा मधला रकाना मला तीन वर्षं भरता आलेला नाही. वाक्य आहे: “राहू दे, बघू दे त्याला.” आवाज वयस्कर बाईचा, सावकाश, शेवटी हलकंसं हसू. आमच्या घरात, नात्यात, शाळेत असा आवाज कोणाचाच नाही, मी सगळ्यांना विचारून झालं. मागे कुठेतरी खुर्ची सरकल्याचा आवाजही तो काढतो, त्यामुळे मला वाटतं ही एखादी तपासणीची खोली असावी. कोणीतरी त्याला कशापासून तरी ओढून घेत असणार, बहुधा मीच, आणि कोणीतरी मला थांबवलं. तो हे फक्त झोप लागताना म्हणतो, अंधारात, कुशीवर वळल्यावर, दोन-तीन वेळा.

तुमच्यापैकी कोणी असं कधी म्हणालं असेल, तर कृपया कळवा. नाव नाही सांगितलंत तरी चालेल. त्याला काय बघू दिलं होतंत, तेवढं सांगा.

आपली,
एका अकरा वर्षांच्या मुलाची आई